लठ्ठ उंदीर आणि दुष्काळी मुलूख : वजन घटवणाऱ्या इंजेक्शनाचा इतिहास

१/२४
मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतीय पेटंटची मुदत संपली. आठवड्यातून एकदा टोचायचे, भूक मंदावणारे आणि वजन घटवणारे हे इंजेक्शन आता देशी कंपन्यांनाही बनवता येते. महानगरातल्या श्रीमंतांचे औषध तालुक्याच्या गावातील मेडिकलपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. हे औषध म्हणजे आपल्याच शरीरातील एका संप्रेरकाची, अर्थात हॉर्मोनची, नक्कल आहे. माणसाला टोचण्यापूर्वी अशी औषधे लठ्ठ उंदरांना टोचली गेली. हा लठ्ठ उंदीर आला कुठून? त्याने शास्त्रज्ञांना किती वेळा खरे सांगितले आणि किती वेळा फसवले? आणि बारामती-इंदापूरच्या माणसाशी त्याचे साम्य कितपत आहे? या धाग्यात या तीन प्रश्नांचा इतिहास.

२/२४
आधी मुलूख. १८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडा पट्टा होरपळला. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती, शेजारी इंदापूर. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण रिचर्ड टेम्पल यांनी मजुरी इतकी छाटली की दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाच्या वाट्याला धान्य म्हणून जेमतेम एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. माणसाला जगायला नेमके किती अन्न लागते, हा वाद तेव्हा प्रयोगशाळेत नव्हे, खडी फोडण्याच्या कामावर लढला गेला.

३/२४
त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८० च्या दशकाच्या मध्यास पुरंदर, बारामती, इंदापूरकडे पाणी वळले. कालव्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. कालव्याच्या पाण्याबाहेरची जिरायत गावे मात्र पावसाकडेच डोळे लावून राहिली. १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलो आणि सुकडी आजच्या आजी-आजोबांना अजून आठवते. १८७६ पासून आजवर दीडशे वर्षे झाली. पंचवीस वर्षांची एक धरली, तर अवघ्या सहा पिढ्या. उपासमार आणि साखर या दोन्हींचा अनुभव या सहा पिढ्यांत मावतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटी पुन्हा याच मुलखात यायचे आहे.

४/२४
भारतात उंदराला अन्न देऊन त्याचे वजन टिपण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९२० च्या दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे झाला. प्रयोगकर्ते होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांच्या शरीरयष्टीत एवढा फरक का, हा त्यांचा प्रश्न. तो काळ प्रत्येक गोष्टीचे उत्तर ‘वंश’ या एका शब्दात शोधणाऱ्यांचा होता. मॅकॅरिसन यांनी एकाच जातीच्या पांढऱ्या उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेका समाजाचा आहार दिला : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी.

५/२४
निकाल बोलका होता. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे सर्वांत लहान. ‘मराठा’ उंदीर वरच्या बाजूस होता. उंदीर एकाच रक्ताचे असल्याने फरक ताटाचाच ठरला. वंशवादाला मिळालेले हे सणसणीत उत्तर होते. मात्र या प्रयोगातील एक गृहीतक आज चटकन डोळ्यांत भरते : जो उंदीर जड, तो चांगला. भुकेल्या देशात वजनकाट्याची भाषा तीच असणार. कुन्नूरची ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या पिंजऱ्यांतील उंदीरही सोबत गेले. त्यांची गाठ पुढे पुन्हा पडेल.

६/२४
आता अमेरिका. मराठीत दोघांनाही उंदीर म्हणतात. पण प्रयोगशाळेत माऊस वेगळा आणि रॅट वेगळा. माऊस वीस-पंचवीस ग्रॅमचा, रॅट त्याच्या दहापट किंवा अधिक. १९४९ साली मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही माऊस विचित्र गोल दिसू लागले. सुरुवातीला मादी गाभण असावी असे वाटे. पण पिल्ले होईनात आणि आकार वाढतच जाई. हे माऊस सतत खात, क्वचितच हलत आणि सामान्य भावंडांच्या तिप्पट वजनाला पोहोचत. दोष एका जनुकात होता आणि आई-बाप दोघांकडून तो आला तरच प्रकट होई. या जनुकाला ‘ओबी’ नाव मिळाले. १९६० च्या दशकात दुसऱ्या एका जनुकातील दोषाने लठ्ठ व मधुमेही होणारा माऊस तेथेच सापडला, तो ‘डीबी’.

७/२४
हे उंदीर एवढे का खातात? या प्रश्नाला भिडायला इंग्लंडमधील जी. आर. हर्वे यांनी १९५९ मध्ये एक वाट दाखवली होती. दोन रॅट शस्त्रक्रियेने एकमेकांना कुशीत जोडायचे, म्हणजे एकाच्या रक्तातील रसायन थोडे थोडे दुसऱ्यात जाते. जोडीपैकी एकाच्या मेंदूतील भुकेचे केंद्र इजा करून बिघडवले, की तो खा-खा खाऊन लठ्ठ होई. त्याचवेळी त्याचा जोडीदार मात्र खाणे सोडून खंगत जाई. लठ्ठ प्राण्याच्या रक्तातून ‘पुरे’ असा निरोप वाहत होता आणि निरोगी जोडीदाराचा मेंदू तो ऐकत होता. आजच्या वाचकाला ही पद्धत अंगावर काटा आणणारी वाटेल, आणि ते गैर नाही. पण पुढचे सारे ज्ञान या जोडलेल्या प्राण्यांच्या देहांतून आले आहे.

८/२४
जॅक्सन प्रयोगशाळेतील डग्लस कोलमन यांनी हीच युक्ती ओबी आणि डीबी माऊसवर वापरली. डीबीला सामान्य माऊस जोडला : सामान्य माऊस खाणे सोडून उपाशी मेला, डीबी लठ्ठच राहिला. डीबीला ओबी जोडला : या वेळी ओबी उपाशी मेला. ओबीला सामान्य माऊस जोडला : ओबीचे खाणे घटले, वजनवाढ मंदावली. कोलमन यांचा निष्कर्ष असा : डीबी ‘पुरे’ हा निरोप भरपूर पाठवतो, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही, ओबीला ऐकू येते, पण निरोप पाठवताच येत नाही. निरोपाचे रसायन कोणते, हे मात्र पुढची वीस वर्षे कोणालाच सापडले नाही.

९/२४
१ डिसेंबर १९९४. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने ओबी जनुक शोधल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. चरबीच्या पेशीच एक संप्रेरक बनवतात, ते मेंदूला साठ्याची खबर देते, हा धक्का होता. चरबी म्हणजे नुसती कोठी, हा समज मोडला. ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन म्हटले गेले. १९९५ च्या उन्हाळ्यात लठ्ठ ओबी माऊसना लेप्टिन रोज टोचले, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ३० टक्के घटले. डीबी माऊसवर काहीच परिणाम झाला नाही. कोलमन यांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते.

१०/२४
लठ्ठ माऊस आणि त्याच्याशेजारी लेप्टिन घेऊन सडपातळ झालेला माऊस, हे छायाचित्र जगभर छापले गेले. ॲमजेन कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी आधीच २ कोटी डॉलर मोजले होते. तर्क सरळ होता : लठ्ठ उंदराला लेप्टिन कमी पडते, म्हणून तो लठ्ठ, लठ्ठ माणसालाही ते कमी पडत असणार, तेव्हा टोचा आणि बारीक व्हा. या तर्कातील मधली पायरी कोणी तपासली नव्हती. १९९६ मध्ये लठ्ठ माणसांच्या रक्तातील लेप्टिन मोजले गेले, तेव्हा ते कमी नव्हतेच. ज्याच्या अंगी चरबी जास्त, त्याचे लेप्टिनही जास्त.

११/२४
म्हणजे सामान्य लठ्ठ माणूस ओबी माऊससारखा नव्हता. निरोप उदंड जात होता, मेंदू दाद देत नव्हता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील चाचणीत लेप्टिनचा परिणाम माणसागणिक फार वेगळा आणि एकूण तुटपुंजा निघाला. उंदीर मात्र खोटे बोलला नव्हता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये अशी मोजकी मुले सापडली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन खरोखरच बनत नव्हते. त्यांची भूक कधी शमत नसे. लेप्टिन मिळताच ती इतर मुलांसारखी जेवू लागली, वजन उतरू लागले. ओबी माऊसने एका दुर्मीळ आजाराचे अचूक उत्तर दिले होते. शास्त्रज्ञांनी ते साऱ्या जगाचे उत्तर समजले, ही चूक माणसांची होती.

१२/२४
मग सामान्य माणसासारखा लठ्ठ होणारा उंदीर कोणता? याचे एक उत्तर १९७६ मध्येच मिळाले होते. अँथनी स्क्लाफनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रौढ रॅटना सुपरमार्केटमधील खाऊ दिला : बिस्किटे, चॉकलेट, चीज, शेंगदाण्याचे लोणी, गोड आटवलेले दूध. जनुकात काही बिघाड नसताना उंदीर लठ्ठ झाले. पुढे तेलकट-तुपकट खाद्य शास्त्रीय मापाने बनू लागले. आज अनेक प्रयोगांत खाद्यातील ६० टक्के उष्मांक चरबीतून येतात. आहाराने लठ्ठ केलेला हा प्राणी नव्या औषधांचा मुख्य परीक्षक बनला.

१३/२४
परीक्षा घ्यायची, पण कोणत्या औषधाची? उत्तर आतड्यात होते. अन्न आतड्यात उतरले की तेथील पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. १९८० च्या दशकात स्वेतलाना मोयसोव, जोएल हेबनर आणि डेन्मार्कचे येन्स होल्स्ट यांच्या कामातून त्याचा गुण कळला : रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवते. १९९६ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील चमूने ते रॅटच्या मेंदूतील पोकळीत सोडले आणि उंदरांचे खाणे एकदम घटले. अडचण एकच होती. शरीरातील एक विकर या संप्रेरकाचे दोन-एक मिनिटांत तुकडे करते. दोन मिनिटांचे औषध कोणाला देणार?

१४/२४
येथे एका सरड्याने मदत केली. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस आणि मेक्सिकोत राहणारा गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा वर्षातून मोजकेच वेळा जेवतो. न्यूयॉर्कमधील डॉक्टर जॉन एंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात एक रेणू सापडला. त्याची सुमारे निम्मी रचना जीएलपी-१ शी जुळत होती, पण ते विकर त्याला तोडू शकत नव्हते. कुलूप तेच, किल्ली वेगळ्या धातूची. त्यातून घडलेले एक्झेनाटाइड हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. संप्रेरकाची नक्कल मूळ संप्रेरकापेक्षा टिकाऊ असू शकते, हे सिद्ध झाले.

१५/२४
डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या चमूने दुसरी युक्ती लढवली. त्यांनी जीएलपी-१ च्या नकलेला स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला धरून बसते, त्यामुळे औषध शरीराबाहेर पडत नाही आणि चटकन तुटतही नाही. लिराग्लुटाइड असे घडले. शरीरात त्याची मात्रा निम्मी व्हायला सुमारे १३ तास लागतात. पुढच्या सेमाग्लुटाइडला सुमारे आठवडा लागतो. २०१४ च्या एका अभ्यासात लठ्ठ रॅट आणि माऊस वापरून दाखवले गेले की लिराग्लुटाइड मेंदूच्या तळाशी असलेल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोहोचते आणि ते केंद्र बिघडवले तर वजन घटण्याचा परिणाम ओसरतो.

१६/२४
अशी परीक्षा चालते कशी? लठ्ठ उंदरांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषधाविना तेच द्रावण. तिसरा गट महत्त्वाचा : त्याला औषध नाही, पण औषधवाल्या गटाने जेवढे खाल्ले तेवढेच अन्न मोजून मिळते. दोन्ही गटांचे वजन सारखेच घटले, तर औषधाचे काम भुकेपुरते. औषधवाला गट अधिक उतरला, तर औषध उष्मांक जाळण्यावरही परिणाम करत असावे. वजन आणि पिंजऱ्यातील उरलेले खाद्य नियमित टिपतात. चरबी किती, स्नायू किती, हे यंत्रावर पाहतात. शेवटी बहुतेक उंदरांना मारून त्यांचे यकृत, स्वादुपिंड, मेंदू तपासतात.

१७/२४
एवढी मापे घेऊनही उंदराकडून एक गोष्ट कळत नाही. उंदराला ओकारी येत नाही. त्याच्या शरीराची घडणच तशी आहे. आणि या औषधांचा माणसातला नेहमीचा त्रास म्हणजे मळमळ व उलटी. उंदीर कमी खातो आहे तो पोट भरल्याच्या समाधानाने, की जीव मळमळतो म्हणून? शास्त्रज्ञ त्याच्यापुढे केओलिन ही पांढरी माती ठेवतात. मळमळणारा उंदीर माती खातो. ओकारी प्रत्यक्ष पाहायची, तर उंदराला सोडून वेगळ्याच प्राण्याकडे जावे लागते : चिचुंद्री. घरात शिरली की आपल्याकडे झाडूने हाकलतात, तीच. ती उंदराच्या कुळातली नाही, कीटकभक्षी आहे आणि ओकू शकते. म्हणून या औषधांच्या प्रयोगात तिला मान आहे.

१८/२४
दुसरी फसगत उलट दिशेची. लिराग्लुटाइड दीर्घकाळ दिलेल्या रॅट आणि माऊसमध्ये थायरॉइड ग्रंथीतील ‘सी’ पेशींच्या गाठी आढळल्या. उंदराच्या या पेशींवर जीएलपी-१ ग्रहण करणारी कुलुपे पुष्कळ असतात. माणसात आणि माकडात ती अगदी तुरळक. तरीही अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापला जातो आणि त्या विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असणाऱ्यांना ती दिली जात नाहीत. लेप्टिनच्या वेळी उंदराने खोटी आशा दाखवली, येथे कदाचित गरजेपेक्षा अधिक भीती दाखवली. प्राणी सांगतो ते स्वतःच्या देहाविषयी. माणसापुरता अर्थ माणसालाच लावावा लागतो.

१९/२४
या वेळी माणसांतील निकाल मात्र भक्कम निघाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांनी भाग घेतला. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. दोन संप्रेरकांची एकदम नक्कल करणाऱ्या तिर्झेपाटाइडने पुढे २० टक्क्यांपर्यंत मजल मारली. पण सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत होते कोण? सुमारे तीन-चतुर्थांश गोरे. सरासरी वजन १०५ किलो. सरासरी बीएमआय ३८ च्या आसपास. बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. प्रवेशासाठी तो ३० हवा, किंवा सोबत वजनाशी निगडित आजार असल्यास २७. लठ्ठ उंदरावर पारखलेले औषध आधी त्या उंदरासारख्या, म्हणजे ठळकपणे लठ्ठ, माणसांना मिळाले, यात तसे नवल नाही.

२०/२४
आता भारत. कुन्नूरच्या काळापासून सांभाळलेल्या विस्टार रॅटच्या वसाहतीत, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, १९९० च्या दशकात काही उंदीर आपोआप लठ्ठ जन्मू लागले. एन. व्ही. गिरीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा स्वतंत्र वाण जोपासला. त्यातील काही उंदीर किलोभराहून जड होतात. त्यांच्या रक्तात लेप्टिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्या बाबतीत ते लठ्ठ माणसाच्या अधिक जवळचे. ज्या संस्थेने एकेकाळी जड उंदराला सुदृढ म्हटले, तिच्याच पिंजऱ्यात जड उंदीर रोगाचा नमुना बनला. मधल्या सत्तर वर्षांत देशाचे आरोग्याचे प्रश्न किती पालटले, याची ही एक खूण.

२१/२४
पण महाराष्ट्राला याहून जवळचा नमुना पुण्यात घडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळाचे स्नायू कमी, अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक दिसणारे, पण आतून चरबी राखणारे शरीर. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले : दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला या दोघांत काहीच फरक दिसला नसता.

२२/२४
या शरीराचा उंदीर कोणता? २०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यात वाढवलेल्या विस्टार रॅटवरचे काम ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये मांडले. हे उंदीर ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. ते जन्मतः हलके, पण पोटातील चरबी जास्त. इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त. बी-१२ आणि फोलेट कमी. मधुमेह घडवणाऱ्या रसायनाला ते आठपट अधिक बळी पडत. मग दोन पिढ्यांना हवे तेवढे खाद्य दिले, तरीही दोष ओसरले नाहीत. इन्सुलिनच्या जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणा भरल्या ताटाने पुसल्या गेल्या नाहीत. बार हार्बरचा उंदीर जनुकामुळे लठ्ठ, अमेरिकेतला दुसरा चॉकलेटमुळे. पुण्याचा हा उंदीर वाडवडिलांच्या उपाशीपणाचा वारसदार होता.

२३/२४
आता पुन्हा बारामती-इंदापूर. टेम्पल यांच्या पौंडभर धान्यापासून उसाच्या फडापर्यंत येथे सहा पिढ्या झाल्या. उंदरातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. लेप्टिनची कथा हेच शिकवते, आणि पुण्याच्या उंदरालाही तोच नियम लागू आहे. पण त्याने उभा केलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. आशियाई लोकांत कमी वजनावरच धोका सुरू होतो, हे मानून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २५ पासूनच लठ्ठपणा धरला. शिवाय या इंजेक्शनांनी चरबीबरोबर स्नायूही काही प्रमाणात घटतो. शंभर किलोच्या माणसाला ते परवडेल. जन्मतः स्नायू कमी असलेल्या, साठ किलोच्या मधुमेही शेतकऱ्याचे काय? त्याच्या बाबतीत केवळ उतरलेले किलो मोजणे पुरेसे नाही. चरबी किती गेली, स्नायू किती उरला, हे पाहावे लागेल.

२४/२४
प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमही बदलत आहेत. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६४ मध्ये देखरेख समिती नेमली गेली, १९९८ मध्ये सविस्तर नियम आले आणि २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना करता येणाऱ्या चाचण्यांना वाट मिळाली. पुढेमागे पिंजरे कमी होतील. तरी मूळ प्रश्न पिंजऱ्याबरोबर संपणारा नाही : परीक्षेला बसवलेले शरीर कोणाचे? कुन्नूरला ‘मराठा’ उंदीर जड भरला म्हणून कौतुक झाले. शंभर वर्षांनी त्याच मुलखातील माणूस वजन उतरवण्याचे इंजेक्शन विकत घेईल, तेव्हा त्याच्या डॉक्टरने त्याच्या वजनाबरोबर त्याच्या कमरेचा घेर मोजावा आणि त्याचे जन्मवजन किती होते, त्याच्या आईला गरोदरपणी पोटभर मिळाले होते का, हेही विचारावे. या इतिहासातून एवढे तरी हाती लागते.